डोंगरावरच्या लग्नात डीजेचे काम : नवोदितांसाठी मार्गदर्शन

महाबळेश्वर, पाचगणी, लोणावळा, माथेरान किंवा मुळशीच्या डोंगरउतारावर होणाऱ्या लग्नाची पहिली सुपारी नवोदित डीजेला मिळते, तेव्हा त्याचे लक्ष साहजिकच गाण्यांच्या यादीकडे आणि स्पीकरच्या संख्येकडे जाते. माझ्या मते या दोन्ही गोष्टी दुय्यम आहेत. शहरातल्या मंगल कार्यालयात मांडव, पंगत, दोन्ही पक्षांच्या खोल्या आणि वाहनतळ हे सारे एका आवारात असते. गुरुजींनी नुसता आवाज दिला तरी मुहूर्त जवळ आल्याचे निम्म्या मंडळींना कळते. डोंगरावर मांडव एका टप्प्यावर, जेवण दुसऱ्या टप्प्यावर, खोल्या चढावर आणि गाड्या खालच्या वळणावर असतात. लग्न रेंगाळते ते याच मधल्या अंतरांत. सगळ्यांपर्यंत पोहोचणारा आवाज तिथे फक्त डीजेच्या हातात असल्याने वेळ सांभाळणे आणि माणसांना एका जागेहून दुसऱ्या जागी गडबडीविना नेणे हे त्याचे पहिले काम ठरते, आणि गाणी हे त्या कामाचे साधन. पुढील सूचना याच क्रमाने आणि याच दृष्टीने दिल्या आहेत.

१. जागेची पाहणी

सुपारी स्वीकारल्यानंतर, आणि शक्य असेल तर पक्की करण्यापूर्वीच, जागा प्रत्यक्ष पाहावी. हॉटेलने पाठवलेल्या छायाचित्रांत हिरवळ दिसते, पण त्या हिरवळीपर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या दिसत नाहीत. पाहणी कार्यक्रमाच्याच वेळेला करावी. सायंकाळचा कार्यक्रम असेल तर सायंकाळी पाच ते आठ या वेळेत तिथे उभे राहावे, म्हणजे वारा कोणत्या बाजूने येतो, ऊन कोणत्या कड्याआड जाते, अंधार किती लवकर पडतो आणि दव किती उतरते, हे सारे आपोआप कळते. डिसेंबरमध्ये या भागात सूर्यास्त साधारण सहाच्या सुमारास होतो, पण पश्चिमेला डोंगर असेल तर हिरवळीवरचे ऊन त्याच्या अर्धा तास किंवा त्याहूनही आधी निघून जाते आणि हवा एकदम गार होते. छायाचित्रकाराची घाई आणि पाहुण्यांची शालीसाठीची धावपळ या दोन्ही गोष्टी त्याच अर्ध्या तासात येतात, म्हणून ती वेळ वहीत लिहून घ्यावी.

त्यानंतर मांडवाच्या जागी उभे राहून दरीच्या दिशेने एक जोराची टाळी वाजवावी आणि कान देऊन ऐकावे. ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. समोरचा कडा १७० मीटरवर असेल तर टाळीचा प्रतिध्वनी बरोबर एका सेकंदाने परत येतो, आणि रात्री गुरुजींचे किंवा सूत्रसंचालकाचे प्रत्येक वाक्य त्याच अंतराने परत येणार, हे समजून घ्यावे. असा प्रतिध्वनी ठळक असेल तर स्पीकरची तोंडे त्या कड्याकडे ठेवता येणार नाहीत. ही साधी चाचणी महागड्या यंत्राइतकी नेमकी नसली, तरी मांडणीचा पहिला निर्णय तिच्यावर बिनधास्त घेता येतो.

विजेची चौकशी व्यवस्थापकाऐवजी तिथल्या वायरमनकडे करावी. मांडवापाशी वीज कोणत्या फेजवरून येते, त्याच फेजवर स्वयंपाकघर किंवा गिझर आहेत का, अर्थिंग आहे का आणि वीज गेल्यावर जनरेटर किती वेळात सुरू होतो, ही माहिती त्याच्याकडेच मिळते. मोबाइलला रेंज कुठे येते तेही पाहावे. हिरवळीवर रेंज नसेल तर इंटरनेटवरून वाजवण्याचा बेत सोडून द्यावा आणि प्रत्येक गाणे स्वतःच्या लॅपटॉपमध्ये व वेगळ्या पेन ड्राइव्हमध्ये ठेवावे. शेवटी मान वर करून आजूबाजूचे कडे, उंच झाडे आणि इमारतीचे छज्जे पाहावेत. सह्याद्रीत अशा ठिकाणी आग्या मोहोळाची पोळी लटकलेली असतात. पोळे जवळ दिसले तर स्मोक मशीन आणि फटाके यांना तेव्हाच नकार द्यावा आणि यजमानांना त्याचे कारण स्पष्ट सांगावे. धुराने उठलेल्या माश्या शेकडो माणसांच्या मांडवात शिरल्या, तर पळायला सपाट जागाही नसते.

२. परवानगी आणि आवाजाची मर्यादा

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये ध्वनिक्षेपक लावण्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्या जागेवर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. काही ठरावीक सांस्कृतिक किंवा धार्मिक सणांच्या दिवशी राज्य सरकार ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत शिथिल करू शकते, पण असे दिवस वर्षातून जास्तीत जास्त १५ असतात. लग्नाची तारीख त्यांत बसेल असे गृहीत धरू नये. परवानगीचा अर्ज स्थानिक पोलीस ठाण्यात कोणी करायचा, यजमानांनी, हॉटेलने की डीजेने, हे पहिल्याच बैठकीत ठरवावे आणि परवानगीची प्रत कार्यक्रमाच्या दिवशी स्वतःच्या पिशवीत ठेवावी.

नियमांत आवाजाच्या पातळीचे आकडेही दिलेले आहेत. निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागासाठी दिवसा ६५ आणि रात्री ५५, तर शांतता क्षेत्रासाठी दिवसा ५० आणि रात्री ४० अशी मर्यादा आहे. खासगी जागेतील ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या सीमेवर या मर्यादेच्या वर ५ डेसिबलपेक्षा अधिक जाता कामा नये. म्हणजे निवासी भागातल्या बंगल्यावर लग्न असेल, तर कुंपणापाशी ६० डेसिबल एवढीच मुभा उरते, आणि एवढा आवाज दोन माणसे जवळ उभी राहून नेहमीच्या स्वरात बोलतात तितकाच असतो. हा आकडा ऐकून नवोदित मंडळी निराश होतात. परंतु हिशेब केला की वाट दिसते. उघड्या जागेवर स्पीकरपासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. स्पीकरपुढे २ मीटरवर ९५ डेसिबल असतील, तर ६४ मीटरवर सुमारे ६५ आणि १२८ मीटरवर सुमारे ५९ डेसिबल उरतात. नाचाची जागा कुंपणापासून जितकी आत घेता येईल तितके मोकळेपणाने वाजवता येते, आणि हे पाहणीच्या वेळीच ठरवता येते. मोबाइलवरील आवाज मोजणारे अॅप पूर्ण अचूक नसले, तरी कुंपणापाशी जाऊन अंदाज घेण्यास पुरेसे आहे.

पाचगणीसारख्या निवासी शाळांच्या गावात आणखी एक काळजी घ्यावी लागते. शाळा, रुग्णालय आणि न्यायालय यांच्या सभोवतालचा १०० मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र म्हणून घोषित होऊ शकतो, त्यामुळे आपली जागा अशा क्षेत्रात येते का, हे पोलीस ठाण्यात विचारून घ्यावे. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून आणि माथेरान २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित आहे. नियम बाजूला ठेवले तरी एक गोष्ट उरतेच: स्वच्छ, निवांत रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि वरची हवा तुलनेने उबदार होते, तेव्हा वर जाणारा आवाज पुन्हा खाली वळतो आणि दरीतल्या वाडीपर्यंत पोहोचतो. ज्या वाडीतली माणसे पहाटे उठून शेतावर जाणार आहेत, त्यांची झोप आपल्या हातात आहे याचे भान डीजेने ठेवलेच पाहिजे.

गाण्यांच्या परवान्याबद्दलही नवोदितांच्या मनात गोंधळ असतो. कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ५२(१)(झेडए) धार्मिक समारंभातील वादनाला सूट देते आणि त्याच्या स्पष्टीकरणात लग्नाची वरात व लग्नाशी निगडित इतर सामाजिक सोहळ्यांचा उल्लेख आहे. तरीही या सुटीच्या व्याप्तीवरून वाद न्यायालयांपर्यंत गेले आहेत आणि अनेक हॉटेले परवान्याचा कागद मागतात. म्हणून हॉटेलचे म्हणणे लेखी घ्यावे आणि परवाना लागणार असेल तर तो खर्च कोणाचा, हे काही आठवडे आधीच मिटवावे. त्याच कागदावर वाजवण्याचे तास, वाहतूक, मुक्काम, जेवण, जनरेटरचे डिझेल आणि आगाऊ रक्कम यांचीही नोंद करावी.

३. वेळापत्रक उलट्या बाजूने बांधणे

वेळापत्रक ठरवताना दोन वेळा अढळ मानाव्यात: मुहूर्त आणि रात्रीचे दहा. बाकी सारे या दोन खुंट्यांना बांधायचे असते. समजा डिसेंबरमधला गोरज मुहूर्त सायंकाळी सहा-सव्वासहाचा आहे. दहाला ध्वनिक्षेपक बंद म्हणजे शेवटचे गाणे ९:५० ला, त्याआधी सव्वा तास नाच, त्याआधी स्वागत समारंभ आणि जेवण. मुहूर्तानंतर कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी या विधींना लागणारा वेळ गुरुजींना विचारावा. तो अंदाजे धरू नये, कारण घराघरांच्या रीतीप्रमाणे त्यात मोठा फरक पडतो. हा हिशेब मांडल्यावर बहुधा असे दिसते की स्वागत समारंभाला आणि जेवणाला मिळून जेमतेम दीड तास उरतो. अशा वेळी जेवण विधी चालू असतानाच सुरू करावे किंवा संगीताचा कार्यक्रम आदल्या दिवशी घ्यावा, असे यजमानांना आधीच सुचवता येते. लग्नाच्या दिवशी सुचवून काही उपयोग नसतो.

वेळापत्रक ठरवताना गुरुजी, केटरर, छायाचित्रकार, मांडववाले आणि हॉटेलचा व्यवस्थापक यांच्याशी एकेकदा बोलावे आणि सर्वांना एकच कागद द्यावा. वधूपक्षाचे एक आणि वरपक्षाचे एक अशी दोन माणसे ठरवून घ्यावीत, ज्यांच्या होकाराशिवाय वेळ बदलली जाणार नाही. मामा किंवा थोरला चुलत भाऊ या कामाला बरा. वधू-वरांच्या आई-वडिलांना त्या दिवशी हा प्रश्न विचारणे म्हणजे त्यांच्यावर अन्याय आहे.

घाटाचा वेळ वेळापत्रकात वेगळा धरावा. वाईहून पसरणीचा घाट चढून येणारी बस शनिवार-रविवारच्या गर्दीत किती वेळ अडकेल, हे कोणीच खात्रीने सांगू शकत नाही. पोलादपूरकडून आंबेनळी घाटाने किंवा साताऱ्याकडून मेढा-केळघर मार्गे येणाऱ्यांचीही तीच गत. बसमध्ये बसलेल्या एका जबाबदार पाहुण्याचा मोबाइल क्रमांक डीजेकडे असावा, आणि बस घाटाच्या पायथ्याशी पोहोचल्याचा निरोप मिळाल्याशिवाय सीमांत पूजन किंवा वरातीचे स्वागत सुरू करू नये. बस उशिरा येणार हे कळल्यावर आधीच आलेल्यांसाठी चहा बाहेर आणण्याची विनंती केटररला करावी, सनईची संथ ध्वनिमुद्रणे लावावीत आणि लोकांना खरे कारण सांगावे. कारण कळले की माणसे शांतपणे थांबतात. नुसतीच ताटकळली की कुरकुर सुरू होते.

४. सामान

डोंगरावर मोठ्या एका यंत्रणेपेक्षा लहान दोन यंत्रणा अधिक उपयोगी पडतात. एक मांडवासाठी आणि दुसरी, बॅटरीवर चालणारी, जेवणाच्या किंवा हळदीच्या जागेसाठी. कार्यक्रम एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर सरकतो तेव्हा तारा उपटून पुन्हा जोडत बसण्याची वेळ येत नाही. माथेरानला तर पर्यायच नसतो. तिथे खासगी मोटारी दस्तुरी नाक्यापर्यंतच येतात आणि पुढे सामान हातगाडीवर, घोड्यावर किंवा हमालांच्या डोक्यावर जाते. म्हणून दोन माणसांना उचलता येईल त्याहून जड पेटी तिथे नेऊच नये, हमालांशी दर आदल्या दिवशी ठरवावा आणि सामान पोहोचायला लागणारा वेळ वाढवून धरावा.

माथेरान आणि महाबळेश्वरच्या तांबड्या मातीबद्दल विशेष सांगायला हवे. ती धूळ पिठासारखी बारीक असते. मिक्सरच्या, म्हणजे माइक आणि गाणी यांचे आवाज जुळवणाऱ्या यंत्राच्या, फेडरच्या (आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या खुंटीच्या) फटीत ती एकदा शिरली की फेडर सरकवताना खरखर ऐकू येते, आणि नेमकी मंगलाष्टकांच्या वेळी माइकचा आवाज हळूच वाढवताना ती ऐकू आली तर सारा मांडव मान वळवून पाहतो. मिक्सर वाजत नसेल तेव्हा त्यावर सुती कापड टाकावे, खाली घडी केलेली सतरंजी पसरावी आणि मऊ ब्रश खिशात ठेवावा. सायंकाळी सात-आठनंतर धोका दवाचा असतो. उघड्यावरच्या टेबलाचा पत्रा हाताला ओला लागू लागला की यंत्रांवरही तेच थर जमत आहेत असे समजावे. म्हणून डीजेचे टेबल नेहमी छताखाली, निदान मोठ्या छत्रीखाली असावे. स्पीकरसाठी प्लॅस्टिकची आच्छादने मे महिन्यातही सोबत ठेवावीत, कारण वळवाचा पाऊस डोंगरावर फारशी पूर्वसूचना देत नाही.

विजेसाठी ध्वनीची आणि दिव्यांची लाइन वेगळी घ्यावी. एकूण भार ६ किलोवॅट असेल तर हिशेबाने साडेसात केव्हीए क्षमतेचा जनरेटर पुरतो, पण थोडी सवड ठेवून १० केव्हीएचा मागवावा आणि तो मांडवापासून दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभा करावा. मिक्सर, लॅपटॉप आणि कॉर्डलेस माइकचे रिसीव्हर यांना यूपीएस असावा. वीज गेल्यावर जनरेटर सुरू होईपर्यंत स्पीकर गप्प राहिले तरी चालते, मात्र लॅपटॉप पुन्हा सुरू होण्याची वाट पाहावी लागणे चालत नाही. थंडीत बॅटऱ्या लवकर उतरतात, म्हणून कॉर्डलेस माइकमध्ये मुहूर्तापूर्वी नवे सेल घालावेत, जुने कितीही चांगले वाटत असले तरी. तारेचा एक माइक नेहमी तयार असावा.

५. स्पीकरची मांडणी

उघड्या डोंगरावर आवाज परत पाठवणाऱ्या भिंती नसतात, त्यामुळे मागच्या रांगेला ऐकू येत नाही आणि पुढच्या रांगेचे कान बसतात. उपाय म्हणून बहुतेक जण आवाज वाढवतात. त्याऐवजी स्पीकर वाढवावेत आणि आवाज कमी करावा. पुढे दोन आणि मांडवाच्या मध्याला किंवा मागच्या तृतीयांशात आणखी दोन लहान स्पीकर लावले, की साध्या बोलण्याच्या पातळीवर सर्वांना ऐकू येते आणि दरीत जाणारा आवाजही कमी होतो. मागच्या स्पीकरना डीले द्यावा लागतो, म्हणजे त्यांचा आवाज किंचित उशिरा सोडावा लागतो. ध्वनीला एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात, म्हणून पुढच्या स्पीकरपासून २० मीटर मागे ठेवलेल्या स्पीकरला साधारण ६० मिलिसेकंदांचा डीले द्यावा. तो दिला नाही तर मागे बसलेल्यांना गुरुजींचा प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो आणि मंत्रांचा अर्थ तर सोडाच, उच्चारही कळत नाही.

स्पीकरची तोंडे शक्यतो झाडी असलेल्या चढाकडे ठेवावीत, मोकळ्या दरीकडे ठेवू नयेत. बेस, म्हणजे गाण्यातला खालचा घुमणारा आवाज, मात्र तोंड कुठेही असले तरी चहूकडे पसरतो आणि दूरवर जातो, त्यामुळे सायंकाळी साडेआठनंतर तो टप्प्याटप्प्याने उतरवत जावा. बेस थोडा कमी झाल्याचे नाचणाऱ्यांच्या सहसा लक्षातही येत नाही. खालच्या वाडीच्या लक्षात येते. तारा जमिनीवरून जात असतील तिथे त्या चटईखाली दाबाव्यात आणि पायऱ्यांवरून मुळीच नेऊ नयेत, कारण नऊवारीचा ओचा सांभाळत अंधारात पायऱ्या उतरणाऱ्या आजींना तार दिसत नाही. जिथे माकडे आहेत, तिथे झाडांवरून लोंबणारी तार दुपारभर लक्षात ठेवावी लागते. झाडांना खिळे ठोकू नयेत. कापडी पट्टीने बांधता येते.

६. मुहूर्त

दिवसाचा सर्वांत नाजूक भाग हाच आहे, आणि गाणी वाजवण्याचे काम त्यात जवळजवळ नाही. मुहूर्तापूर्वी तीस मिनिटे, पंधरा मिनिटे आणि पाच मिनिटे असे तीन वेळा सूचना द्याव्यात. पहिली सूचना वरच्या खोल्यांपर्यंत पोहोचायला हवी. आवाज तिथपर्यंत जात नसेल तर हॉटेलच्या माणसाला आधीच सांगून ठेवावे. त्या सूचनेत, चढ-उतार जमत नसलेल्या ज्येष्ठांसाठी गाडी कोणत्या दाराशी उभी आहे, हे आवर्जून सांगावे. सूचना मराठीत, दोन वाक्यांत आणि शांत स्वरात द्यावी. घरच्यांची नावे घ्यायची असतील तर उच्चार आणि नाते आदल्या दिवशी विचारून लिहून ठेवावेत.

गुरुजींना कानाला अडकवायचा किंवा उपरण्याला लावायचा माइक द्यावा आणि त्यावर स्पंजची टोपी असावी, नाहीतर वाऱ्याचा भणभणाट मंत्रांवर चढतो. मंगलाष्टके म्हणणाऱ्या मावश्या, काकू आणि मित्रमंडळींसाठी दुसरा माइक स्टँडवर ठेवावा. हातात दिलेला माइक कोणी तोंडाला चिकटवतो, कोणी छातीपाशी धरतो, आणि कागद सांभाळताना तो स्पीकरसमोर आला की शिट्टी वाजते. प्रत्येकाच्या आवाजाची पट्टी वेगळी असते. कोणी कापऱ्या आवाजात, स्वतः रचलेले अष्टक म्हणत असते आणि त्या घराला ते आयुष्यभर आठवणार असते. डीजेचे बोट त्या वेळी फेडरवर असले पाहिजे आणि डोळे म्हणणाऱ्या व्यक्तीवर.

शेवटी गुरुजी ‘तदेव लग्नं सुदिनं तदेव’ म्हणू लागतात. इथून पुढे लॅपटॉपकडे पाहू नये. सनई-चौघड्याचे ध्वनिमुद्रण सुरुवातीच्या शांत सेकंदांविना, थेट पहिल्या ठोक्यापासून कापून तयार असावे. अंतरपाट धरणारे हात खाली येऊ लागतात आणि शेवटच्या ‘सावधान’वर अक्षता पडतात, तो क्षण डोळ्यांनी पकडून वाद्ये सुरू करावीत. मोबाइलच्या घड्याळावर अवलंबून राहू नये, गुरुजींच्या खुणेवर राहावे, आणि ती खूण कोणती हे त्यांच्याशी आधी ठरवावे. खरे वाजंत्री बोलावलेले असतील तर ध्वनिमुद्रण पूर्ण बंद ठेवून त्यांच्यासमोर फक्त एक माइक लावावा. दोन्ही एकदम वाजले की सुंदर असे काहीच उरत नाही. वाद्ये दोन-अडीच मिनिटांनी हळूहळू खाली आणावीत, म्हणजे हार घालताना घरच्यांची हसती-रडती बोलणी चित्रफितीत नीट येतात.

विधी चालू असताना पार्श्वसंगीत लावण्याचा मोह टाळावा. सप्तपदीच्या वेळी गुरुजी प्रत्येक पावलाचा अर्थ सांगत असतील, तर तो ऐकू येणे यापेक्षा मोठे संगीत त्या वेळी नसते.

७. जेवण, उखाणे आणि नाच

विधी संपल्यावर माणसे हलवायची असतात. माइकवरून ‘चला, चला’ म्हणत राहण्यापेक्षा मांडवातले संगीत हळूहळू उतरवावे आणि त्याच वेळी जेवणाच्या जागेवरचे संगीत चढवावे. लोक आपोआप त्या दिशेने वळतात. वाटेत दिवे लागले आहेत ना, हे त्याआधी आपल्या सहकाऱ्याला पाठवून पाहून घ्यावे. जेवताना शेजारच्याशी सहज बोलता येईल एवढाच आवाज असावा. विहिणीच्या पंगतीत उखाण्यांची वेळ आली की संगीत पूर्ण थांबवावे आणि माइक स्वतः नेऊन द्यावा. नव्या सुनेने घेतलेला उखाणा मागच्या ताटापर्यंत पोहोचला, तर हशा आणि टाळ्या पंगतभर एकाच वेळी उठतात आणि दोन घरे एकमेकांच्या जवळ येतात.

नाचाची सुरुवात ज्येष्ठांना ओळखीच्या असलेल्या गाण्यांनी करावी. ते थंडीमुळे लवकर खोलीत जाणार असतात, आणि त्यांनी दोन पावले टाकली की बाकीच्यांची भीड मोडते. मग कोळीगीते, लोकगीते आणि लावणीच्या ठेक्याकडे जावे आणि तरुणांची वेगवान गाणी नऊ ते साडेनऊच्या दरम्यान वाजवावीत. दोन्ही घरांची भाषा वेगळी असेल तर दुसऱ्या घराच्या भाषेतली गाणी वेगळ्या गठ्ठ्यात न ठेवता मध्ये मध्ये पेरावीत. फर्माइशी कागदावर घ्याव्यात, पण वधू-वरांनी नको म्हणून दिलेली यादी कोणाच्याही आग्रहाने मोडू नये.

साडेनऊनंतर वेग उतरवावा. ९:४० ला परतीच्या बसची वेळ आणि जागा सांगावी, ९:५० ला शेवटचे गाणे लावावे आणि दहापूर्वी यंत्रणा बंद करावी. ‘आणखी एकच’ अशी विनंती होणारच. ती यजमानांकडून आली तरी नम्रपणे नाकारावी, कारण तक्रार झाली तर अडचण त्यांच्याच घराला होते. ज्यांना पुढे जागायचे आहे त्यांच्यासाठी कानाला लावायच्या वायरलेस हेडफोनवरचा नाच हा पर्याय आता भाड्याने मिळतो, किंवा बंद सभागृहात, दारे लावून, बाहेर आवाज जाणार नाही अशा बेताने बसता येते. शेकोटीभोवती माइकशिवाय रंगलेल्या भेंड्या मला स्वतःला अधिक आवडतात. त्यासाठी डीजेने पहिली दोन-तीन अक्षरे देऊन बाजूला व्हावे.

८. अडचण आली तर

धुके उतरले तर मांडवातल्या पांढऱ्या प्रखर दिव्यांनी समोरचे काहीच दिसत नाही. दिवे पिवळसर करून खाली वळवावेत आणि वाटेवर माणसे उभी करावीत. पाऊस आला तर आधी वीज बंद, मग आच्छादने, मग सूचना, हा क्रम बदलू नये. कार्यक्रम आत न्यायचा झाल्यास तो कोणत्या सभागृहात जाणार आणि तिथे लहान यंत्रणा कोण पोहोचवणार, हे सकाळीच ठरलेले असावे. वीज गेली तर बॅटरीवरच्या यंत्रणेतून लगेच दोन शब्द बोलावेत, जेणेकरून अंधारात कोणी पायऱ्यांकडे धावणार नाही. पाहुण्याची तब्येत बिघडल्यास माइकवरून गोंधळ न करता फक्त ‘डॉक्टर उपस्थित असल्यास कृपया मंचापाशी यावे’ एवढेच म्हणावे आणि संगीत मंद चालू ठेवावे.

९. आवराआवर

रात्री सामान फक्त आत घ्यावे आणि झाकावे. दवाने ओल्या झालेल्या तारा तशाच गुंडाळून पेटीत टाकू नयेत. त्या पुसून, सैल वेटोळी करून सकाळपर्यंत पसरून ठेवाव्यात. प्लॅस्टिकच्या बंधनपट्ट्यांचे तुकडे, सेल आणि चिकटपट्ट्या उजेडात वेचून सोबत खाली न्याव्यात. टेम्पोच्या चालकाला रात्रीची झोप मिळेल अशी व्यवस्था यजमानांकडून आधीच मागून घ्यावी आणि भरलेला टेम्पो घाटात उजाडल्यावरच उतरवावा. निघण्यापूर्वी हॉटेलच्या वायरमनला भेटून त्याच्या जोडण्या पूर्ववत केल्याचे दाखवावे आणि त्याचा क्रमांक पुढच्या वेळेसाठी लिहून घ्यावा.